खिडक्या लावून सुकट

प्रेमलाबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आणि त्यांच्या मुलाने, धम्मदीपने, कर्वेनगरात फ्लॅट घेतला. हिंजवडीतल्या कंपनीत तो साहेब झाला होता. नव्या घरात त्याने आईला एकच नियम घालून दिला. सुकट भाजायची तर आधी खिडक्या लावायच्या, मग उदबत्ती, मग तवा. वरच्या मजल्यावरचे लोक नाक मुरडतात म्हणे. तो स्वतः त्याच सुकटीवर इंजिनिअर झाला होता, पण ते असो. प्रेमलाबाईंच्या हाताला नियमाची सवय जडली.

पुढे त्याने आईला थेट कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर सहलीला नेलं. हॉटेलातलं जेवण त्याला पर्यटकांसाठी केलेलं वाटलं. "इथले लोक खातात ते खायचं," म्हणत तो तिला बंदराजवळच्या खाणावळीत घेऊन गेला. खारवून वाळवलेला मासा आला, उकडलेल्या कच्च्या केळ्यांबरोबर.

"आई, वास घे. याला म्हणतात ऑथेंटिक," म्हणून त्याने ताटलीचे फोटो काढले.

वास आला तशा प्रेमलाबाई उठल्या आणि त्यांनी खाणावळीच्या दोन्ही खिडक्या लावून टाकल्या.

मालकीण धावत आली. याच वासावर तर रस्त्यावरचं गिऱ्हाईक आत येतं, खिडक्या बंद कशाला केल्या?

"आईला वारा सोसत नाही," धम्मदीपने इंग्रजीत सांगून टाकलं.

तेवढं इंग्रजी प्रेमलाबाईंना खात्यात राहून येतच होतं.

"खरंय, वारा सोसत नाही," मासा मोडत त्या त्याला म्हणाल्या. "पण फक्त वरच्या मजल्यावर जाणारा."