दामूभाऊची दहा हजार पावलं

फॅक्टरीतून रिटायर होऊन आम्ही जवाहरनगरच्या चौकात चहाच्या टपरीवर बसू लागलो, तेव्हा वाटलं, आता किस्से संपले. कायचे संपतात! पोरांनी बापांच्या मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं बांधली अन् किश्श्यांचा ढीग पडला. आम्ही जन्मभर हूटर वाजला की उठणारी, हूटर वाजला की जेवणारी माणसं. एक हूटर सुटला, तर दुसरा हौसेनं हातात बांधून घेतला. अक्कल म्हणतात ती हीच!

*

वसंतराव आमच्यात सर्वांत शिकलेले. एका सकाळी मी सहज विचारलं, "काय वसंतराव, झोप झाली का?"

"सांगता येत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "घड्याळाची चार्जिंग संपली होती."

माणूस जांभयांवर जांभया देऊन राहिला, पण पुरावा नाही!

*

याच वसंतरावांची तुमसरजवळ शेती. धान दरवर्षी तिथल्याच एका राइस मिलमध्ये जातो. सुनेनं कुठंतरी मोबाइलवर पाहिलं की घरचा तांदूळ तब्येतीला चांगला नाही. तिनं ॲपवरून 'हेल्दी' तांदूळ मागवला. चकचकीत पाकीट, वर हसणारी गोरी बाई! वहिनींनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली अन् कपाळावर हात मारला.

"अवं पोरी, हा तर आपल्याच मिलचा आहे!"

"असेल, पण आई, यावर हेल्दी लिहिलंय ना!"

घरच्या तांदळाचं पोतं अजून कोपऱ्यात तसंच पडून आहे.

*

एकदा आम्ही सगळे नाकाडोंगरीकडच्या जंगलात फिरायला गेलो. अर्ध्या वाटेत वसंतरावांचं घड्याळ बंद पडलं. झालं! बसले दगडावर.

"काहून बसले जी?" दामूभाऊनं विचारलं.

"आता मोजून कोन राहिलं? चाललो तरी फुकटच!"

आम्ही पुढं जाऊन, डबे खाऊन परत आलो, तरी ते त्याच दगडावर होते.

*

दामूभाऊचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. पोरगा पुण्याला. त्यानं घड्याळ पाठवलं अन् फोनवर हुकूम सोडला, "बाबा, रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत. नाही झाली तर मी येऊन तुम्हाला कायमचं इकडे घेऊन जाईन." बापाची पावलं त्याला तिकडं मोबाइलवर दिसतात. बाप दिसत नाही, ते सोडा!

पुण्याच्या फ्लॅटचं नाव काढलं की दामूभाऊचा जीव घाबरतो. तिथं अंगण नाही, आम्ही नाही, बकरी नाही. अन् इकडं गुडघे पार कामातून गेलेले.

मग पठ्ठ्यानं घड्याळ बकरीच्या गळ्यात बांधलं. बकरी लबाड! दिवसभर चिंचेखाली रवंथ करत बसली. संध्याकाळी फोन आला, "बाबा, तीनशेच पावलं? आजारी आहात का? न्यायला येऊ?"

"लेकाची, बकरीबी रिटायर झाली!" असं म्हणत दामूभाऊनं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. तेव्हापासून मी दोन घड्याळं घालून फिरतो. लोक विचारतात, मी सांगत नाही.

*

गेल्या महिन्यात दामूभाऊ अंगणात घसरून पडला. पाय मोडला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात प्लास्टर घालून झोपवलं.

"पोराले सांगू नको, गनपत," त्यानं मला शपथ घातली. "घेऊन जाईल तो मले. तसाबी शनिवारी भेटाले येऊनच राहिला. तवा पाहू."

मी शपथ पाळली. नुसती पाळली नाही, तर जास्तच जोरात चाललो. गाढवपणा माझा!

गुरुवारी त्याच्या खाटेजवळ बसलो होतो. फोन वाजला. दामूभाऊनं स्पीकर लावला.

"बाबा, चौदा हजार! मानलं तुम्हाला! तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहात. माझी काळजीच मिटली. मग शनिवारचं तिकीट कॅन्सल करतो, चालेल ना?"

"हो हो, करून टाक," दामूभाऊ म्हणाला.

फोन ठेवला. प्लास्टरकडं पाहिलं. मग त्यानं माझं मनगट धरलं.

"गनपत, उद्या जरासा कमी चालजो."