आई मेजाकडे गेली नाही

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी गेलं की भेटायला येणारी माणसं आजाराचं नाव विचारण्याआधी विचारतात, "तयारी होती का?" म्हणजे शेवटचं प्रभुभोजन घेतलं होतं का, प्रार्थना झाली होती का, मन शांत होतं का. आईच्या वेळी मला हे बऱ्याच जणांनी विचारलं. मी चहाचे कप पुढे केले. उत्तर दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

आई नाशिकला प्राथमिक शाळेत शिकवायची. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तयारीची सभा असे, आणि त्या दिवशी आमच्या घरात एक नियम चालायचा. ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्यानं जाऊन मिटवून यायचं, मगच रविवारी भाकर आणि द्राक्षारस. मी आणि भाऊ तोंड वाकडं करून एकमेकांना "माफ कर" म्हणायचो. आई स्वतःही सुटत नसे. नळावर शेजारच्या काकूंशी वाजलं होतं, तर हाताचं पीठ धुऊन ती त्यांच्या दारात गेली होती. काकूंना काय झालंय तेच आठवत नव्हतं.

तिची धाकटी बहीण, माझी मावशी, सिन्नरकडच्या एका माळ्याच्या घरात लग्न करून गेली होती. फुलांची शेती होती त्यांची. मंडळीबाहेरचं लग्न म्हणून आजोबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आजोबा गेले, तेव्हा ती शेवंतीची पाटी घेऊन आली. कपाळावर कुंकू होतं. आई फाटकात उभी राहिली.

"ही फुलं तुझ्या देवांना घाल," आई म्हणाली. "इथे नकोत."

"ताई, बाप माझाही होता."

"जिवंत होता तेव्हा नाही आठवलं."

अंगणात अर्धी मंडळी उभी होती. मावशीने पाटी उचलली आणि ती गेली.

पुढच्या प्रभुभोजनाला मेजावरचं पांढरं कापड आईनेच इस्त्री करून अंथरलं. मेजाकडे जायला आमची रांग उठली, तेव्हा मात्र ती बसून राहिली. आम्हाला जायला वाट मिळावी म्हणून गुडघे बाजूला घेतले, एवढंच. मला वाटलं बरं नसेल. पण ते तसंच चालू राहिलं. ती रविवारची शाळा घ्यायची, बायकांच्या सभेत प्रार्थना करायची, नाताळात गाणी बसवायची. मेजाकडे जायची नाही. चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाली, "माझं एक काम राहिलंय."

ते काम कोणतं हे सगळ्यांना माहीत होतं. सिन्नर काही लांब नाही. नाशिकच्या द्वारका चौकातून दिवसभर जीपा सुटतात. मी म्हणायचे, चल, मी येते. कधी पेपर तपासायचे असायचे, कधी नाताळ तोंडावर आलेला असायचा, कधी सांधे दुखायचे. एकदा द्वारकेपर्यंत गेली आणि कोथिंबीर घेऊन परत आली.

मला तिचा राग यायचा. नियम इतका मानायचा की मेजाला शिवायचं नाही, आणि नियमात सांगितलेली एवढीशी गोष्ट मात्र करायची नाही. आता वाटतं, माफी मागायला ती घाबरत नव्हती. मावशी "नाही" म्हणेल, याला घाबरत होती. तसं झालं असतं तर वाट बघायलाही काही उरलं नसतं.

मग तिची मूत्रपिंडं निकामी होत गेली. तिला सगळं कळत होतं. कुठली गाणी म्हणायची, कुठली साडी नेसवायची, सगळं सांगून झालं. शेवटी म्हणाली, "तिला बोलाव."

मी त्याच दिवशी सिन्नरला गेले. मावशी झेंडूच्या वावरात होती.

"लय वर्सांनी आठवण झाली तुझ्या आईला."

"आठवण रोज होती, मावशी. पाय निघाला नाही."

"पाय? शाळेत शर्यतीत मला कधी पुढं जाऊ दिलं नाय तिनं." ती हसली, मग पुन्हा फुलं तोडू लागली. "दसरा तोंडावर हाय. एवढी तोडणी होऊ दे. मग येते, चांगली राहायलाच येते."

झेंडू दसऱ्याला विकला नाही तर ढोरांपुढे टाकावा लागतो. मी एकटीच परत आले.

दसरा झाल्यावर मावशी आली, पिशवीत चार दिवसांचे कपडे घेऊन. तोवर रक्तात साठलेलं विष आईच्या डोक्यात चढलं होतं. मधेच शुद्धीत असायची, मधेच वर्गात असायची. मावशी पलंगाशी बसली, तिचा हात धरला. आईने कुंकू पाहिलं, हिरव्या बांगड्या पाहिल्या, आणि मला म्हणाली, "ही बाई कुठून आणलीस? हात चांगला आहे तिचा."

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब घरी आले. छोट्या डबीत भाकर होती, बाटलीत द्राक्षारस.

"आई, घेणार ना आज?" त्यांनी विचारलं.

"माझी बहीण येऊ दे आधी."

"आल्यात त्या. तुमच्याजवळच बसल्यात."

"ताई, मीच हाय. बघ तरी." मावशीने तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं. आईने तिच्याकडे पाहिलं आणि शाळेतल्या मुलाच्या पालकाशी बोलावं तसं सौम्यपणे म्हणाली, "तुम्ही बसा. ती लहान आहे, तिला वेळ लागेल यायला."

"द्या ओ तिला," मावशी पाळकांना म्हणाली. "मी माफ केलंय तिला. कवाच केलंय."

पाळकसाहेबांनी तुकडा पुढे केला. आईने ओठ मिटले आणि मान फिरवली. त्यांनी जबरदस्ती केली नाही. प्रार्थना केली आणि डबी बंद केली.

नंतर मावशी माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. मी भांडी घासत होते.

"तुला सांगू? मी लगेच माफ करणार नव्हते," ती म्हणाली. "आधी भांडणार होते. त्या दिवशी पाटी घेऊन जीपमधी बसले, तिथपासून एकेक वाक्य जुळवून ठेवलं होतं. मग ती रडली असती, मग मीबी रडले असते. आता ते सगळं कुणाला बोलू?"

मी तिला पुसायला ताट दिलं. दुसरं काय देणार होते.

चार दिवसांचे कपडे घेऊन आलेली मावशी शेवटपर्यंत राहिली. आईला पुसायची, कूस बदलायची, पेज भरवायची. एका दुपारी आई बरीच जागी होती. मी खिडकीत कपडे घड्या करत होते. आईने मावशीला विचारलं, "तुला बहीण आहे का गं?"

"हाय."

"भेटतेस तिला?"

मावशीने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "रोज भेटते."

"बरं आहे तुझं," आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवसांनी ती गेली, प्रभुभोजन न घेता. मावशी तिचे पाय चोळत होती. ते थंड पडले तरी बराच वेळ चोळत राहिली, आणि मीही तिला थांब म्हटलं नाही.