अर्जाविना आलेला लाभांश

टिंग! केवढा इवलासा ध्वनी! कडुनिंबाच्या पानांची सळसळ, टंकयंत्राची अखंड खडखड, उन्हाने तापलेल्या शाईफितीचा तो उग्र दर्प, आणि या सर्वांना भेदून खिशातल्या मोबाइलमधून उमटलेला तो रुपेरी स्वर! लाभांश बँकेत जमा झाल्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला संदेश. रक्कम दोन कप चहापुरती होती. परंतु सुहृदा, माझ्या सर्वांगावर रोमांच उभे राहिले.

का, ते निवेदन करतो. सोलापूरच्या कचेरीबाहेर मी अर्जनवीस आहे. विधवेचे निवृत्तिवेतन असो वा बांधाचा तंटा, 'सविनय सादर' या मंगलाचरणावाचून या जगात कोणाला काही प्राप्त झाल्याचे मी पाहिलेले नाही. सातवीनंतर शाळेशी माझा ऋणानुबंध संपला. तथापि अर्जाची भाषा या आवारात माझ्याइतकी कोणास साधलेली नाही, हे नम्रपणे नमूद करतो. अशा मला, सही-शिक्का-शिफारशीवाचून, ज्याचे मूठभर शेअर मी घेतले होते त्या दूरच्या कारखान्याने माझा वाटा आपणहून धाडावा! न मागता! याहून मोठा चमत्कार कोणता?

त्याच सायंकाळी मी पत्नीला, सुमनला, वचन दिले. ती दुकानांसाठी कडक भाकरी करते. तव्याच्या आचेपुढे वर्षानुवर्षे थापून थापून तिचा उजवा खांदा आता वर उचलला जात नाही. लाभांशाच्या बळावर एके दिवशी हा तवा उतरवीन, म्हणालो, आणि तेही शेअर मोडून न खाता. ती म्हणाली, "म्हंजे झाड ठिवायचं अन् फळं खायची. बरं. पण झाडाकडं बघत तरी जावा की!"

किती मार्मिक! दीर्घकाळची गुंतवणूक म्हणजे दीर्घकाळची निद्रा, असे लोक समजतात. छे! डाळिंबाची बाग लावणारा कधी लावून झोपतो काय? तो पाणी तोडून झाडाला ताण देतो, छाटणी करतो, आणि मगच बहराची वाट पाहतो. मीही दर तिमाहीचे आकडे भिंग लावून वाचतो. लाभांश नफ्यातून आलेला असेल तर ते फळ. कर्ज काढून दिलेला असेल तर ती झाडाला दोऱ्याने बांधलेली फळे!

अर्जांच्या कमाईतून वर्षानुवर्षे एकेक शेअर जोडत गेलो. यंदा लाभांशाची बेरीज भाकरीच्या कमाईएवढी, म्हणजे तवा उतरण्याइतकी, जुळत आली, आणि माझ्या सर्वांत लाडक्या कंपनीने लाभांशच थांबविला. झाडाला ताण दिला आहे, की मूळच कुजले आहे? वार्षिक सभा मोबाइलवर भरणार होती. भागधारकाला तिथे प्रश्न विचारता येतो. मी आगाऊ नाव नोंदविले.

सभेला इस्त्रीचा सदरा घालून, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून बसलो. अध्यक्षांनी नाव पुकारले मात्र, माझे हात आपोआप जोडले गेले आणि मुखातून निघाले, "मायबाप साहेबांच्या सेवेशी..."

"अवो, कंपनीचं मालक तुमी हाय का त्ये?" तव्यापुढून सुमन कडाडली. "हात खाली घ्या आदी!"

सभेत कोणीतरी खुदकन हसले. मी हात खाली घेतले आणि आयुष्यात प्रथमच विनंतीविना एक वाक्य उच्चारले: राखून ठेवलेला पैसा कोठे लावला, आणि त्याचे फळ केव्हा? अध्यक्ष भविष्याविषयी, क्षितिजाविषयी सुरेख बोलले. पैशाविषयी मात्र चकार शब्द नाही. 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे' या उत्तराचा अर्थ मला कोणी शिकवावा काय? असली उत्तरे वाचण्यातच माझी हयात गेली! दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच, काळजावर दगड ठेवून, ते झाड उपटले. आणि आलेल्या पैशाला हात न लावता, नियमाने फळणारी दोन लहान रोपे त्या जागी लावली.

परवा दुपारी मी घरीच होतो. सुमनचा तवा रसरसत होता. टिंग!

"कुणाला अर्ज केलता?" तिने विचारले.

"कुणालाच नाही."

पिठाचे बोट पदराला पुसून तिने रक्कम वाचली, पुन्हा वाचली. "जुळलं?"

"जुळले."

 हातातली भाकरी भाजून तिने थप्पीवर ठेवली, शेगडी बंद केली आणि पदराने धरून डाव्या हाताने तवा खाली उतरविला. आम्ही दोघे त्याच्याकडे पाहत बसलो. मिळविण्याचा आनंद थोर, परंतु थांबता येण्याचा त्याहून थोर नव्हे काय? निवता निवता त्या काळ्या लोखंडातूनही एक बारीकसा स्वर उमटला. टिंग!