ट्रॉलीवर उतरलेलं शिकाऊ जेट

मुलाखतीतून हात हलवत परतलेल्या मुलाला तुम्ही "पुन्हा प्रयत्न कर" म्हणता. मुलीला मात्र "आता बस" का म्हणता?

आमच्या घरातही तेच झालं. ताईला नौदलात वैमानिक व्हायचं होतं. निवड मंडळाने एकदा नाकारलं आणि एसटीत मेकॅनिक असलेल्या अप्पांनी जाहीर केलं, "आता तलाठ्याचा अभ्यास कर." तिला दुसरं बोलावणं आलं, तरी ते हो म्हणेनात.

तेवढ्यात चौदा एप्रिलची जयंती आली. मिरवणुकीआधी समाजमंदिरासमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा करायची आमच्या वस्तीची रीत. पत्रक मी लिहिलं, भरपूर उद्गारचिन्हं घालून. देखावा ताईने मागून घेतला: ट्रॉली म्हणजे विमानवाहू जहाज, आणि त्यावर उतरणारं शिकाऊ जेट.

"विमान हवाईदलासारखंच, दोन बैठकांचं," ती पोरांना सांगत होती. "पण जहाजासाठी त्याचे पाय दणकट करतात, शेपटीखाली आकडा लावतात. डेकवरच्या तारेत आकडा अडकला की विमान थांबतं."

"आकडाच टाकायचा तर इमान कशाला?" चुलते म्हणाले. "आपल्या गल्लीत खांबाखांबावर टाकलेत की!"

समाजमंदिराच्या गच्चीपासून समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत दोर बांधला. त्यावर कप्पीला थर्माकोलचं विमान टांगलं. मधे खाली ट्रॉली, तिच्यावर आडवी ताणलेली तार. ओढायची दोरी लिंबाजवळ उभ्या अप्पांच्या हातात. विमान ट्रॉलीपाशी आलं आणि ते फुटेल या काळजीने अप्पांनी हात सैल केला. विमान झुकलं, ट्रॉलीच्या कडेच्या फाळक्यावर आदळलं, एक चाक गळालं.

"पडलं बे! पोरीवानीच माघारी आलं," गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. मी भांडायला धावलो. ताईने माझी कॉलर धरून मागे ओढलं, चाक चिकटवलं आणि माईक घेतला.

"अप्पा, टेकताना जोर कमी करायचा नसतो. उलट पूर्ण द्यायचा. तार चुकली तर तिथूनच वर उडावं लागतं."

"आन् पडलं म्हंजे?"

"ढील दिली म्हणून तर पडलं!"

पुन्हा गर्दी हसली, पण या वेळी अप्पांना. त्यांनी बाह्या सरसावल्या. दुसऱ्या वेळी आकडा तारेवरून निसटला, तरी विमान ट्रॉली ओलांडून थेट लिंबापाशी गेलं. तिसऱ्या वेळी आकडा तारेत अडकला आणि बायकांनी शिट्ट्या मारल्या.

मिरवणूक संपल्यावर घरी येताना अप्पा ताईच्या बरोबरीने चालू लागले. मग म्हणाले, "तुजी गाडी परळीहून हाय का?"

"हो."

"ठेसनापोतर येतो. म्होरं तुजी तू जा."

ती मुलाखतीला गेली. निकाल अजून यायचाय. ती मात्र आतापासूनच पोहायला शिकतेय.

अशी एक मुलगी तुमच्याही वस्तीत असेल. आज तिच्या घरी जा. तिच्या वडिलांसमोर तिला पुढच्या मुलाखतीची तारीख विचारा, आणि स्टेशनपर्यंत सोडायला कुणी नसेल, तर तुम्ही सोडून या.