टॉवेलांच्या कपाटातली रोपं

टोमॅटोच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असं माझं पहिल्यापासून मत. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. पण जुन्नरकडच्या आमच्या गावात हंगामाचा पहिला तोडा कुणाचा असं विचारलं, की लोक माझ्या घराकडं बोट दाखवायचे. म्हणून वीस साली आयर्लंडात जे झालं ते मला फार लागलं.

आम्ही नवराबायको मुलाकडं सिटीवेस्टला सहा महिन्यांसाठी आलो होतो. मग विमानं बंद झाली आणि आम्ही तिथंच राहिलो. घरामागं सतरंजीएवढं अंगण होतं. त्यात मी गावाकडच्यासारखा वाफा केला आणि एप्रिलात बी टाकलं. अर्धं बी थंड मातीत कुजलं. उरलेली झाडं झकास वाढली, पण टोमॅटो काही लाल होईनात. ऑक्टोबर आला तरी झाडांवर हिरवे दगड लटकलेले. शेवटी सुनेनं शेंगदाणे घालून त्यांची चटणी केली. चटणी चांगली झाली, म्हणून तर जास्त झोंबली.

कुंपणापलीकडं एक आयरिश म्हातारा राहायचा. माझ्याच वयाचा, पूर्वी बस चालवायचा. अंगणात त्यानं काचेची खोली उभी केली होती आणि टोमॅटो तो तिच्या आतच लावायचा. माझे हिरवे दगड बघून तो काहीतरी बोलला आणि हसला.

"काय म्हणतोय?" मी सुनेला विचारलं.

"म्हणतायत, या देशात उघड्यावर टोमॅटो लाल व्हायचा तर नशीब लागतं."

"त्याला सांग, मी गावी जायच्या आत याच अंगणातला लाल टोमॅटो त्याला खाऊ घालीन."

"अण्णा, कशाला उगाच?"

"तू सांग."

तिनं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "ग्रँड." हा शब्द एव्हाना मला कळत होता. तिथं पाऊस पडला तरी ग्रँड, उघडला तरी ग्रँड. पण मी शब्द दिला तो दिला.

हिवाळाभर मी खिडकीशी बसून तेवढाच विचार केला. उन्हाळा इथं आखूड. म्हणजे झाड अंगणात जाईल तेव्हा ते अर्धंमुर्धं वाढलेलंच पाहिजे. म्हणजे बी फेब्रुवारीत, आणि घरात. रुजायला ऊब हवी, तर ती कुठून आणायची? जिन्याजवळ सुनेचं एक कपाट होतं. त्याच्या आत गरम पाण्याची टाकी, वर फळ्यांवर टॉवेल आणि चादरी. तिथले लोक त्याला हॉट प्रेस म्हणतात. आत हात घातला तर चैत्रातल्या माळासारखी ऊब. दह्याच्या डब्यांना खालून भोकं पाडली, माती भरली, बी टोकलं आणि डबे टॉवेलांच्या शेजारी मांडले.

"माझ्या लुगड्यांवर माती पडली तर तुम्हालाच त्या कपाटात कोंडीन," बायको म्हणाली.

"कोंड. ऊब तरी मिळेल."

बी पटापट उगवलं. आता डबे लगेच उजेडात काढायला हवे होते, पण मी ते आतच ठेवले. गावाकडं कोवळ्या रोपाला ऊन लागू नये म्हणून आम्ही वर सावली करतो. रोपाला उजेड कमी पडेल, हे जन्मात कधी डोक्यात आलंच नव्हतं. दार उघडलं तर रोपं पांढरीफटक, लांबच लांब, माना टाकलेली.

बायकोनं वाकून बघितलं. "शेवया चांगल्या झाल्यात. खीर करू का?"

मी रोपं फेकली नाहीत. टोमॅटोचा दांडा मातीत पुरला की त्याला मुळं फुटतात, हे मला कुणी सांगावं लागत नाही. उंच डबे घेतले आणि एकेक रोप पानांपर्यंत खोल पुरलं. मुलगा घरूनच काम करायचा, त्याच्या खोलीची खिडकी दक्षिणेला. तिथं डबे मांडले, मागं पुठ्ठ्याला चांदीचा कागद लावून उभा केला, म्हणजे दोन्ही बाजूंनी उजेड.

"अण्णा, मीटिंगमध्ये सगळे रोपांबद्दलच विचारतायत."

"मग सांग की त्यांना."

घरात वारा नाही, म्हणून दांडे नाजूक राहतात. मी सकाळ-संध्याकाळ रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवायचो. बायको सुनेला म्हणाली, "पोरांच्या डोक्यावरून कधी एवढा हात फिरवला नाही हो यांनी." पण दांडे बोटासारखे जाड झाले, हे तिनंही बघितलं.

अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडं त्या दिवशी परसात बी टाकतात, वेल लावतात. "मुहूर्त आहे, लावून टाका," बायको म्हणाली.

"मुहूर्त गावाकडचा आहे. वारा इथला आहे."

सकाळी डबे बाहेर, संध्याकाळी आत, असं मे संपेपर्यंत केलं. मग दिवसभर तापणाऱ्या विटांच्या भिंतीला चिकटून रोपं लावली आणि बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी काठ्यांना बांधली. जुलैत म्हाताऱ्यानं कुंपणावरून कात्री पुढं केली आणि शेंडे छाटायची खूण केली. गावाकडं मी शेंडा कधी मारला नव्हता. तिकडं झाड तारेवर चढेल तेवढं चढू द्यायचं. सून म्हणाली, "आता येणारी फुलं पिकणारच नाहीत म्हणतायत. ताकद खालच्या फळांना जाऊ दे." एक चहा होईपर्यंत मी विचार केला आणि कात्री घेतली. त्याचं बरोबर होतं, हे इथं लिहून ठेवतो. त्याला तोंडावर सांगितलं नाही.

विमानं सुरू झाली होती. मुलानं श्रावणातलं तिकीट काढलं. बॅगा भरायला लागल्या आणि टोमॅटो अजून हिरवेच. मग पिवळट झाले. मी उठलो की आधी भिंतीकडं जायचो. बायको म्हणाली, "राहिले तर राहिले. म्हाताऱ्याला चटणी पाठवू." त्या दिवशी मी दुसरी भाकरी घेतली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी एक टोमॅटो लाल झाला. भिंतीलगतचा, सगळ्यांत खालचा. देठापर्यंत लाल. आणि नेमकी ती नागपंचमी.

"आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तोडायचं नाही," बायको दारात उभी. "विळी गुंडाळून ठेवलीय मी."

"उद्या पहाटे निघायचंय आपल्याला."

"मग पहाटे तोडा."

"आणि म्हाताऱ्याला झोपेतून उठवू?"

ती दारातून बाजूला झाली. मी देठाच्या गाठीवर अंगठा ठेवून टोमॅटो नुसता उचलला. तो अलगद हातात आला.

"मी तोडला नाही. तो आला."

"हो. साऱ्या घरात तेवढा एकच ऐकतो तुमचं."

म्हाताऱ्याला बोलावलं. सून सवयीनं सुरी घेऊन आली, ती बायकोनं तिच्या हातातून काढून घेतली. म्हातारा कुंपणाशी उभा राहून एकदा सुरीकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागला. सुनेनं त्याला सांगितलं, आज नागाचा सण, आज आम्ही पातं चालवत नाही. तो मोठ्यानं हसला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतायत, आमच्या देशात सापच नाहीत."

"नसेनात," बायको म्हणाली. "सण आहे ना."

मी दोन्ही अंगठ्यांनी टोमॅटो मधोमध फोडला, अर्ध्यावर मीठ टाकलं आणि कुंपणावरून दिला. त्यानं तो एका घासात अर्धा केला. रस हनुवटीवरून सदऱ्यावर गेला, तो पुसायचं त्याच्या लक्षात आलं नाही. उरलेला खाल्ला. भिंतीकडं बघितलं, मग आपल्या काचेच्या खोलीकडं. या खेपेला ग्रँड म्हणाला नाही. सावकाश काहीतरी बोलला.

सून म्हणाली, "याचं बी थोडं मिळेल का, विचारतायत."

माझ्या हातातला अर्धा मी कागदावर पिळला, बी पसरलं आणि कागद त्या टॉवेलांच्या कपाटात वाळायला ठेवला. वाळलं की त्याला दे, असं सुनेला सांगून ठेवलं.

"अहो, तुम्ही तर खाल्लाच नाही," बायको म्हणाली. "चव कशी आहे, ते तरी बघायचं."

मी बोटाला लागलेला रस पुसला.

"मला माहीत आहे," म्हणालो.