हवेवर पाळत

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या कळव्यात नसेल, आणि खाडीपलीकडे ठाण्यात असलाच तर त्यानं येऊन काकांचे पाय धरावेत. माणसांवर त्यांचा विश्वास नाहीच, पण खरा दात हवेवर. उभा जन्म एका शीतगृहात मेकॅनिक म्हणून गेला. तिथं दाराच्या रबरात बोटभर फट राहिली की आतला माल नासलाच. त्यामुळे निवृत्तीनंतरही हवा चोर आहे, ही त्यांची श्रद्धा. "माणूस बेल तरी वाजवतो हो," म्हणायचे, "ही मेली न विचारता घुसते."

रोज सकाळी पेटती उदबत्ती घेऊन ते खिडक्या-दारांच्या कडेकडेनं फिरत. धूर सरळ वर गेला तर ठीक. जरा कलला, की काका सिलिकॉनची नळी काढून ती फट बुजवणार. त्यांच्या शेजारच्या वहिनींना बरेच महिने वाटत होतं, माणूस फार देवभोळा आहे! पश्चिमेच्या भिंतीला थर्माकोल, खिडक्यांना रबराच्या पट्ट्या, दाराखाली जुन्या पायजम्यात वाळू भरून केलेला लोड. एकदा एसी चालू असताना मी त्यांच्या उंबऱ्यात उभा राहून दोन वाक्यं बोललो, तर म्हणाले, "आत या, नाहीतर बाहेर व्हा. कळव्याला गारवा वाटायला मी काय पाणपोई उघडलीये?" कुणाकडेही गेले की आधी तळहात भिंतीला, मग नमस्कार. पुतणीसाठी स्थळ बघायला डोंबिवलीला मानपाड्याला गेलेले, तिथंही तेच. परत येऊन सांगतात, "मुलगा सोन्यासारखा आहे, पण वरचा मजला. स्लॅब नुसता तवा! पोरगी भाजून निघेल." लग्न झालं, पण मुलाच्या वडिलांनी गच्चीला पांढरा रंग दिला तेव्हा.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी. पक्षाघातानं त्या अंथरुणाला खिळलेल्या. उन्हाळ्यात त्यांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून एसी, आणि म्हणून फटींशी हे हाडवैर. पण एका पावसाळ्यात काकूंच्या उशाशी भिंतीवर काळा डाग उमटला. खोलीला कुबट वास आला आणि काकूंचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी बजावलं, "ही ओल आधी घालवा, नाहीतर त्यांना जड जाईल." काकांनी छताकडे पाहिलं. छताच्या वर आम्ही राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका निळीची बाटली घेऊन हजर. आमच्या बाथरूममध्ये बादलीभर निळं पाणी ओतलं आणि खाली जाऊन डागासमोर खुर्ची टाकून बसले. संध्याकाळपर्यंत डाग काळा तो काळाच. आपल्याला वाटलं, सुटलो. कसलं काय! "मी खाली गेल्यावर तुम्ही साधं पाणी ओतलंत?"

"काका, मी काय स्मगलर आहे?"

"तसं मी कुठं म्हटलं? मी फक्त विचारतोय."

माझं डोकंच फिरलं. हा म्हातारा आपलं बाथरूम फोडायला लावणार, असा मला दाट संशय. जिन्यात दिसले की मी मोबाईल कानाला लावायचो.

शेवटी त्यांनी शीतगृहातली युक्ती काढली. डागाशेजारी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावला. पाणी प्लास्टिकच्या मागे साठलं तर ते भिंतीतून येतंय, म्हणजे आरोपी मी. खोलीकडच्या बाजूला साठलं तर खोलीतल्या हवेतून. तीन दिवसांनी निकाल ऐकायला मला बोलावलं. पाणी खोलीकडच्या बाजूला होतं.

"बघा!" मी जवळजवळ ओरडलोच. "एवढी दमट हवा येते कुठून तुमच्या खोलीत?" आणि बोलता बोलता मागे वळलो. कपाटाआड भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी होती. तिच्यावर धुतलेल्या, ओल्या चादरी. एक, दोन, चार. खिडक्या घट्ट बंद.

काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "अहो, त्यांना कशाला बोलावलंत?" एवढंच म्हणाल्या.

काका मला बाहेर घेऊन आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली गेलेला. "शाळेत बाई होती ती. इस्त्रीच्या साडीशिवाय कधी दूध आणायलाही उतरली नाही. रोज चादरी बाहेर दिसल्या तर लोकांना कळेल, म्हणून शपथ घातलीये मला." मला इतकी लाज वाटली, की वर जाऊन मी चहासुद्धा घेतला नाही.

बायकोला सांगितलं. ती तडक खाली गेली. "काका, चादरी आमच्या गॅलरीत वाळतील. आमचं कार्टं अडीच वर्षांचं आहे, सगळ्या त्याच्या नावावर खपतील."

काकांनी दोरीवरची एक ओली चादर हातात तोलून पाहिली. "तुमची दोरी मजबूत आहे ना?"

झालं! त्याच दिवशी काकांनी आपल्या हातानं खिडकीची रबराची पट्टी उपटली. डाग सुकला, काकूंचा खोकला थांबला आणि आमचा लेक अख्ख्या सोसायटीत बदनाम झाला. शेजारच्या वहिनी तर हात धुऊन मागे लागल्या. "झोपताना पाणी देऊ नकोस गं, तिळाचे लाडू घाल खायला." स्वतः डबे भरभरून लाडू आणायच्या. पोरगं मजेत खायचं.

असे दोन पावसाळे गेले. मग दिवाळीनंतर एका दुपारी काकू झोपेतच गेल्या.

महिन्याभरानं काका वर आले. दारातच होते, तेवढ्यात मागून वहिनी जिना चढून आल्या. "काय गं, सवय सुटली वाटतं तुझ्या लेकाची! दोरीवर चादर दिसत नाही हल्ली. बघ, लागू पडले की नाही लाडू?"

बायको काकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो वहिनी, पडले."

आमचा लेक लाडू खात काकांच्या पायाशी आला. काकांचा तळहात सवयीनं भिंतीकडे निघालेला, तो त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवशी त्यांनी आमची भिंत तपासली नाही.