सासूबाईंची पंचाहत्तरी आणि उम्म अल कुवैनची ओहोटी

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मी वेळेवर निघालो होतो, एवढं आधी नोंदवून ठेवतो. पोचलो का, हा वेगळा विषय आहे.

मेहुण्याने उम्म अल कुवैनला खाडीकाठचा एक बंगला दिवसभरासाठी घेतला होता. एक वाजता पंचाहत्तर कणकेच्या दिव्यांनी औक्षण, आणि त्याआधी सासूबाई घास घेणार नव्हत्या. दिवे आमच्याकडे होते. माझी बायको शुभांगी पहाटेपासून ते वळून, वाफवून डब्यात रचत होती. दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या घरून गाडीने थेट बंगल्याच्या दारात उतरता आलं असतं. (हे वाक्य शुभांगी अजून दिवसातून दोनदा म्हणते.) पण माझं आजोळ पडलं रायगडातलं! खारफुटीतल्या दोन जुन्या कालव्यांच्या मधे पसरलेली खाडी दिसली, काठावर भाड्याच्या होड्या दिसल्या, पलीकडे तो बंगलाही दिसला. मी गाडी थांबवली.

होडीवाला केरळचा. म्हणाला, "साब, अभी मत जाओ. पानी उतर रहा है."

माझं डोकंच फिरलं. मला पाणी शिकवतो?

"आज षष्ठी है," मी म्हणालो. "छह का पौना साढ़े चार. साढ़े चार बजे पूरी भरती. मतलब अभी पानी चढ़ रहा है, हबीबी." (तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आजोळी हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.)

"बाबा, देअर्स ॲन ॲप फॉर धिस," आमची लेक ईशा म्हणाली.

"ॲपला तिथी कळते का?"

होडीवाल्याने वल्ही माझ्या हातात दिली. "जैसा आप बोलो. लेकिन बोट छोड़के नहीं आना. बह जाएगी."

पहिला कालवा झोकात पार पडला. खाडीच्या मधोमध वल्हं चिखलात रुतलं, आणि मग होडीही.

"थांबलात का?" शुभांगीने विचारलं.

"पाणी येतंय. दोन मिनिटं."

दोन मिनिटांत होतं तेही पाणी गेलं. एक खेकडा आमच्याकडे बघत बघत शेजारून चालत गेला. मी पुन्हा पाऊणपट केली. साडेचारच आले! म्हणजे चूक खाडीची होती, आणि मी तिला तसं मोठ्याने सुनावलं.

"तिच्यावर काय ओरडताय?" शुभांगी कडाडली. "ती काय अलिबागची आहे, तुमची तिथी पाळायला?"

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. समोर दोनशे पावलांवर, छत्रीखाली खुर्चीत बसलेल्या मला दिसतही होत्या.

"जावईबापू, गाडी विकलीत का?"

"नाही आई, ती पलीकडे..."

"मग फोन ठेवा. भुकेल्या माणसाला बोलायला लावू नका."

एकला दहा मिनिटं होती. शुभांगीने चपला काढल्या, पैठणी गुडघ्यापर्यंत खोचली आणि दिव्यांचा डबा डोक्यावर घेतला.

"एकोणीस वर्षं ऐकतेय, आमच्या खाडीत असं, आमच्या खाडीत तसं. खलास. मी चालले."

ती पोटऱ्यांपर्यंतच्या चिखलातून निघाली. मागे तुपाची बरणी घेऊन ईशा. मीही एक पाय बाहेर टाकला.

"तुम्ही बसा," शुभांगी मागे न बघता म्हणाली. "होडी सोडायची नाही, सांगितलंय ना त्याने?"

एकच्या ठोक्याला औक्षण झालं. मी होडीतून टाळ्या वाजवल्या, कोणी बघितलं नाही. मग पंगत बसली. मसालेभात होता, हे वाऱ्याने कळवलं. ईशाला फोन केला तर म्हणाली, "बाबा, वी आर ईटिंग." मी होडीत बसून खाडीवर, होडीवाल्यावर आणि समस्त रायगड जिल्ह्यावर संतापत राहिलो. पाणी यायला पाच वाजले.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीचा फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे. सगळं कुटुंब आहे त्यात, मीसुद्धा. त्यांच्या डाव्या खांद्यामागे, दूर चिखलात, तो नारिंगी ठिपका दिसतो ना? ते माझं लाइफ जॅकेट.